‘हटवा’ या बटणामागचे काम : पुष्टीची चौकट आणि ‘पूर्ववत करा’ यांच्या तुलनेच्या नोंदी

३ फेब्रुवारी

आजपासून या कामाची वही उघडली. विषय लहान आहे, पण गेली दोन वर्षे तो मिटलेला नाही. आमच्या ॲपमध्ये नोंदींची लांबलचक यादी असते आणि ती सांभाळणाऱ्या लोकांना जुन्या, दुबार किंवा चुकीच्या नोंदी दिवसभर हटवाव्या लागतात. ‘हटवा’ दाबले की पुष्टीची चौकट उघडते, तिच्यात ‘तुम्हाला खात्री आहे का?’ असा प्रश्न असतो आणि खाली ‘होय’ व ‘नाही’ अशी दोन बटणे. तरीही नको ती नोंद हटवली गेल्याच्या तक्रारी येत राहतात. दर तक्रारीनंतर कोणीतरी त्या चौकटीत एक वाक्य वाढवले, एकाने अक्षरे ठळक केली, दुसऱ्याने लाल त्रिकोण बसवला. आज चौकटीतला मजकूर चार ओळींचा झाला आहे आणि तक्रारी मात्र जिथल्या तिथे आहेत.

मला तपासायचे आहे ते एवढेच की, ही चौकट नेमके कशापासून संरक्षण देते, आणि तिच्या जागी ‘पूर्ववत करा’ची, म्हणजे हटवलेले परत आणण्याची, सोय दिली तर काय सुधारते व काय नव्याने बिघडते. माझा कल ‘पूर्ववत करा’कडे आहे हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे निष्कर्ष काढताना तो कल आड आला का, हे मलाच तपासता येईल.

५ फेब्रुवारी

चाचणीआधी कागदावर हिशेब केला. कार्ड, मोरान आणि नेवेल यांनी १९८० मध्ये मांडलेले कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल जुने असले तरी अशा तुलनेसाठी अजून कामाचे आहे. त्यात सरावलेल्या माणसाच्या एखाद्या कामाचे बारीक तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला ठरावीक वेळ देतात. माउसने एखाद्या ठिकाणी जाण्यास १.१ सेकंद, मनातल्या मनात तयारी करण्यास, म्हणजे ‘आता काय करायचे’ हे ठरवण्यास, १.३५ सेकंद, आणि बटण दाबून सोडण्यास साधारण ०.२ सेकंद. त्या हिशेबाने पुष्टीची चौकट दर वेळी सुमारे २.६५ सेकंद घेते. ‘पूर्ववत करा’ दाबायलाही तेवढाच वेळ लागतो, पण तो चूक झाली तरच लागतो. चौकटीची किंमत मात्र शंभरपैकी शंभर वेळा मोजावी लागते.

हिशेब इथे संपला असता तर ही नोंद चार ओळींची झाली असती. पण याच मॉडेलमध्ये मनाच्या तयारीचा तुकडा कुठे धरायचा आणि कुठे वगळायचा याचे नियम दिले आहेत, आणि त्यातला पहिलाच वगळण्याचा नियम असा की, पुढची कृती आधीच्या कृतीवरून पूर्णपणे अपेक्षित असेल तर मधला विचाराचा तुकडा काढून टाकावा. ‘हटवा’नंतर ‘होय’ येणारच हे ज्याला पाठ झाले आहे, त्याच्यासाठी हे १.३५ सेकंद उरतच नाहीत. वेळेच्या दृष्टीने ही बचत वाटते, पण चौकट ज्यासाठी बसवली होती ती गोष्ट म्हणजे नेमका हाच विचाराचा क्षण. सराव वाढतो तसा तो क्षण झिजतो, आणि मागे उरते ते केवळ बोटाचे काम. म्हणजे जो माणूस दिवसातून सर्वाधिक वेळा नोंदी हटवतो, त्याचे चौकट सर्वांत कमी रक्षण करते.

८ फेब्रुवारी

आधीचे संशोधन वाचले. इशाऱ्यांची सवय होण्याबद्दल सर्वांत बोलका पुरावा माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहारावरच्या सीएचआय परिषदेतल्या २०१५ च्या एका अभ्यासात सापडला. त्यात सुरक्षिततेचे इशारे पाहणाऱ्यांचे एफएमआरआय, म्हणजे मेंदूचे काम टिपणारे स्कॅन, घेतले होते आणि तोच इशारा दुसऱ्यांदा दिसला तेव्हाच मेंदूतली दृश्य-प्रक्रिया ठळकपणे घटलेली आढळली. रूप बदलत राहणारे इशारे या सवयीला जास्त काळ दाद देत नाहीत, असेही त्या अभ्यासात दिसले. आमच्या बैठकीत लगेच सूचना आली की आपणही चौकटीचा रंग आणि बटणांची जागा दर वेळी बदलू. पण सुरक्षिततेचा इशारा क्वचित दिसतो, आमची चौकट तासात अनेकदा दिसते. तिथे बटणांची जागा बदलत राहणे म्हणजे चूक टाळण्यासाठी माणसाला रोज अडखळत ठेवणे. ती सूचना मी नोंदवून बाजूला ठेवली.

१२ फेब्रुवारी

चाचणीची आखणी. किती लोक बोलवावेत यावर बराच खल झाला. नील्सन आणि लँडॉअर यांचे १९९३ चे गणित सगळ्यांना तोंडपाठ असते: एक सहभागी सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, म्हणून पाच सहभागी सुमारे ८५ टक्के अडचणी दाखवून देतात. हे खरे, पण ते ३१ टक्के सरासरी आहेत. एखादी अडचण दर सहभागीमागे फक्त ५ टक्के शक्यतेने दिसणारी असेल, तर त्याच सूत्राने पाच जणांत ती निदान एकदा दिसण्याची शक्यता २३ टक्क्यांच्या आसपासच येते. नको ती नोंद हटवणे ही अशीच विरळ घटना आहे. नुसते लोक बसवून वाट पाहिली तर आम्ही रिकाम्या हाताने उठू.

म्हणून चूक घडण्याला अनुकूल अशी परिस्थिती मुद्दाम रचायची ठरली. यादीत एकाच नावाच्या, फक्त तारखेत फरक असलेल्या जोड्या पेरल्या, आणि कामाच्या मधोमध सहभागीला कागदावरची दुसरी सूचना वाचायला लावायचे ठरवले, कारण प्रत्यक्ष कामात माणसाचे लक्ष असेच तुटते. प्रत्येक जण दोन्ही आराखडे वापरेल. निम्मे आधी चौकटीचा, निम्मे आधी ‘पूर्ववत करा’चा. आम्ही हटवण्याचा अभ्यास करतो आहोत हे आधी सांगणार नाही, पण सत्र संपताच सगळे उघड करून, रेकॉर्डिंग ठेवू द्यायचे की नाही हे पुन्हा विचारणार. मोठ्याने विचार बोलायला लावण्याची पद्धत मात्र या फेरीत वापरणार नाही. ती माणसाला प्रत्येक पायरीवर थांबवते, आणि आम्हाला तर न थांबणारा हात पाहायचा आहे.

१९ फेब्रुवारी

पहिली फेरी, चौकटीचा आराखडा. आज जे पाहिले ते सविस्तर लिहिते.

तिसरी सहभागी या प्रकारच्या कामात मुरलेली आहे. पहिल्या दहा-बारा नोंदींपर्यंत ती चौकटीकडे पाहत होती, नंतर तिची लय लागली. रेकॉर्डिंग नंतर एकेका फ्रेमने पुढे नेऊन पाहिले. ‘हटवा’ दाबल्यावर चौकट पडद्यावर उमटू लागते, ती पूर्ण उमटायच्या आतच माउसचा बाण ‘होय’ जिथे येणार त्या जागी जाऊन थांबलेला असतो, आणि बटण दिसताक्षणी दाबले जाते. चार ओळींचा मजकूर वाचायला तर सोडाच, लाल त्रिकोणावर नजर टेकायलाही त्यात जागा नव्हती. पेरलेल्या जोडीतली चुकीची नोंद तिने याच लयीत हटवली. चौकट बंद झाली, बाण पुढच्या ओळीकडे निघाला आणि मध्येच थबकला. ‘अरे, ही नको होती,’ असे ती स्वतःशीच म्हणाली. तो थबकण्याचा क्षण ‘होय’च्या आधी नाही, नंतर आला. सत्र संपल्यावर चौकटीत काय लिहिले होते असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘खात्री आहे का, असेच असणार ना?’ चौकटीत त्या नोंदीचे नाव आणि तारीख दोन्ही होते.

दुसरी गोष्ट मी अपेक्षिली नव्हती. नोंद हटली की खालच्या ओळी एक-एक जागा वर सरकतात. पाचव्या सहभागीने घाईत दोनदा दाबले. पहिल्या दाबाने नोंद हटली आणि यादी सरकल्यामुळे दुसरा दाब शेजारच्या नोंदीवर पडला. ही चूक त्याची नाहीच. बोटाखालची जमीन आम्ही सरकवली. चौकट किंवा ‘पूर्ववत करा’ यांपैकी काहीही निवडले तरी हे दुरुस्त करावेच लागेल: हटवलेल्या नोंदीची जागा थोडा वेळ फिकट रंगात तशीच राखायची आणि यादी नंतर सरकवायची.

२० फेब्रुवारी

त्याच फेरीचा उरलेला भाग, ‘पूर्ववत करा’चा आराखडा. इथे हटवताना काहीही विचारले जात नाही. नोंद लगेच जाते आणि पडद्याच्या तळाशी ‘नोंद हटवली – पूर्ववत करा’ अशी पट्टी पाच सेकंद दिसते.

वेग अपेक्षेप्रमाणे वाढला आणि बहुतेकांना हा आराखडा आवडला. पण चौथ्या सहभागीने चुकीची नोंद हटवली आणि लगेच मान खाली घालून कागदावरची पुढची सूचना वाचू लागली. वाचून मान वर केली तेव्हा पट्टी निघून गेली होती. काही हटले होते याची खूणही पडद्यावर उरली नव्हती. आपली चूक तिला शेवटपर्यंत कळली नाही. चौकटीच्या आराखड्यात निदान ‘होय’ दाबल्याची जबाबदारी तिच्यावर टाकून आम्ही मोकळे झालो असतो. इथे तेही समाधान नाही. माझ्या आवडत्या उपायाची ही पडती बाजू आहे आणि ती अहवालात पहिल्या पानावर यायला हवी.

आणखी एक बारीक दोष: पट्टी नेमकी यादीतल्या शेवटच्या ओळीवर येते आणि ती ओळ झाकते.

२४ फेब्रुवारी

सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे डब्ल्यूसीएजी, समोर ठेवून दोन्ही आराखडे तपासले. वापरकर्त्याच्या ताब्यातली साठवलेली माहिती हटवणाऱ्या पानांसाठी निकष ३.३.४ तीन पर्याय देतो आणि त्यांपैकी एक पुरेसा मानतो: कृती उलटवता यावी, माहिती तपासून चूक सुधारण्याची संधी मिळावी, किंवा शेवटचा शिक्का मारण्याआधी पुष्टीची सोय असावी. म्हणजे आमची जुनी चौकट या निकषावर उत्तीर्णच आहे. १९ तारखेचे रेकॉर्डिंग पाहिल्यावर हे उत्तीर्ण होणे किती स्वस्त आहे ते कळते.

पाच सेकंदांच्या पट्टीची गोष्ट उलट आहे. निकष २.२.१ म्हणतो की वेळेची मर्यादा वापरकर्त्याला बंद करता यावी, किंवा मूळ मुदतीच्या किमान दहापट लांबवता यावी, किंवा संपण्याआधी सूचना मिळून साध्या कृतीने वाढवता यावी, आणि त्यासाठी निदान २० सेकंद मिळावेत. पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला पट्टीचा मजकूर ऐकून, तिथपर्यंत पोहोचून बटण दाबायचे असते. पाच सेकंदांत ते होणे कठीण. २०१८ च्या आवृत्तीत आलेल्या निकष ४.१.३ नुसार ही पट्टी फोकस न हलवता पडदावाचकाला कळायलाही हवी. आमच्या नमुन्यात ते राहून गेले होते. आज दुरुस्त केले.

२७ फेब्रुवारी

चुकांची विभागणी नीट करायला हवी, नाहीतर आम्ही दोन वेगळ्या रोगांना एकच औषध देत बसू. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेला भेद इथे चपखल बसतो. एक हातचूक, म्हणजे मनात योग्य ते असते आणि हातून भलतेच घडते. दुसरी समजचूक, म्हणजे हात मनाप्रमाणेच चालतो पण मनातले चित्रच चुकीचे असते. तिसऱ्या सहभागीची ती हातचूक होती. हात सुटल्यावर तिला लगेच कळले. चौथीने तारीख चुकीची वाचली होती, ती समजचूक. तिला चौकट दाखवली असती तरी तिने खात्रीनेच ‘होय’ म्हटले असते, कारण तिला खरोखरच खात्री होती.

यावर विचार करताना हवाईमधली १३ जानेवारी २०१८ ची घटना आठवली. सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा तिथल्या लोकांच्या फोनवर गेला. सुरुवातीला सर्वत्र बोलले गेले ते असे की कोणीतरी चुकीचे बटण दाबले, आणि पडद्याच्या रचनेवर भरपूर टीका झाली. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या चौकशीत वेगळेच पुढे आले. इशारा पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सांगण्यानुसार त्याला सरावाचा संदेश खरा वाटला होता. सॉफ्टवेअरने पुष्टी विचारली होती, त्याने ती दिली, आणि सरावाचा इशारा असो वा खरा, पुष्टीचा प्रश्न एकाच शब्दांत विचारला जात होता. माझ्या कामाच्या दृष्टीने मोठी गोष्ट पुढची आहे. इशारा खोटा असल्याचा संदेश त्याच मार्गाने पाठवण्याची तयारी आधी करून ठेवलेली नव्हती आणि तो जायला ३८ मिनिटे लागली. चूक काही मिनिटांतच लक्षात आली होती, पण परतीची वाट बांधलेली नव्हती.

आमच्या आराखड्यांची तुलना मी आतापर्यंत ‘आधी विचारावे की नंतर उलटवावे’ अशी करत होते. ती मांडणी अपुरी आहे. खरा प्रश्न आहे तो चूक करणाऱ्याला ती कधी कळते हा. हातचूक एक-दोन सेकंदांत कळते, समजचूक कदाचित तासाने, कदाचित महिनाअखेरीस दुसरे कोणी ती नोंद शोधू लागेल तेव्हा. चौकट या दोन्हींच्या आधी येते, म्हणजे ती अशा क्षणी विचारते की जेव्हा दोघांनाही काही वावगे दिसत नसते. आणि पाच सेकंदांची पट्टी फक्त पहिल्या प्रकारच्या वाट्याला येते.

३ मार्च

प्रोग्रामर सहकाऱ्याबरोबर पूर्ण दिवस गेला. ‘पूर्ववत करा’ हे पडद्यावर दोन शब्दांइतके सोपे दिसते, पण त्याच्यासाठी हटवणे म्हणजे काय हेच बदलावे लागते. नोंद पुसायची नाही, तिच्यावर ‘अमुक वेळी हटवली’ असा शेरा मारायचा आणि तो शेरा असलेल्या नोंदी यादीत दाखवायच्या नाहीत. खरे पुसण्याचे काम मुदतीनंतर वेगळा कार्यक्रम करील. इथपर्यंत ठीक. मग त्याने प्रश्न काढायला सुरुवात केली आणि ते सगळे रास्त होते. नोंद परत आणली तर तिची यादीतली जागा तीच हवी का? तिला जोडलेल्या फाइलींचे काय? मधल्या काळात कोणी त्याच क्रमांकाची नवी नोंद केली असेल तर?

सर्वांत अवघड प्रश्न क्रमाचा निघाला. नेहमीचे ‘पूर्ववत करा’ रचलेल्या ताटांसारखे चालते: वरचे ताट उचलल्याशिवाय खालचे निघत नाही. लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालून जाते. पण आमच्या वापरकर्त्याने चुकीची नोंद हटवल्यावर आणखी वीस योग्य नोंदी हटवल्या असतील, तर त्या एका नोंदीसाठी वीसही परत आणायच्या का? हा प्रश्न जुना आहे. निवडक कृतीच तेवढी उलटवण्याच्या पद्धतीवर बर्लागे यांचा १९९४ चा लेख आहे, आणि त्यातही कळीचा मुद्दा हाच की, उलटवायची कृती आजच्या स्थितीत अजून अर्थपूर्ण आहे का. सुदैवाने आमच्याकडे हटवलेल्या दोन नोंदी एकमेकींवर सहसा अवलंबून नसतात. म्हणून इतिहासाची साखळी उलगडत बसण्याऐवजी हटवलेल्या नोंदींची सरळ यादीच द्यावी, असे ठरले. १९८३ च्या ॲपल लिसा या संगणकामध्ये पडद्यावर कचऱ्याची टोपली होती. फिरून आम्ही तिथेच आलो.

७ मार्च

नवा आराखडा तयार. पट्टीची पाच सेकंदांची मुदत काढून टाकली; ती पुढची नोंद हटवेपर्यंत किंवा वापरकर्ता स्वतः बंद करेपर्यंत राहते, आणि तिच्यात हटवलेल्या नोंदीचे नाव व तारीख असते. यादीच्या वरच्या कोपऱ्यात ‘हटवलेल्या नोंदी’ असा कायमचा दुवा आणि त्यापुढे संख्या. हटवलेली ओळ तिच्या जागी फिकट होते, यादी सरकत नाही. पट्टीसाठी तळाशी जागा राखून ठेवल्यामुळे शेवटची ओळ आता झाकली जात नाही.

१४ मार्च

दुसरी फेरी, नवे सहभागी. हातचुका तेवढ्याच झाल्या, त्या थांबवण्याचा दावा आम्ही केलेलाच नव्हता. पण फिकट झालेल्या ओळीचा उपयोग मी धरला होता त्यापेक्षा जास्त झाला. कागद वाचून मान वर केल्यावर नजर सहजपणे यादीत मागच्या ठिकाणी जाते, आणि तिथे फिकट ओळ दिसली की माणूस ती पुन्हा वाचतो. एकाने तारखेची समजचूक अशीच पकडली, पट्टीकडे न पाहता. पट्टी तळाशी असते, लक्ष कामाच्या जागी असते; परतीची वाटही कामाच्या जागीच हवी होती. आता ‘पूर्ववत करा’ त्या फिकट ओळीतच देऊन पाहणार.

‘हटवलेल्या नोंदी’ हा दुवा मात्र दोघांना शेवटपर्यंत दिसला नाही, आणि एकाला वाटले की ती संख्या म्हणजे राहिलेले काम. शब्द बदलावे लागतील.

१८ मार्च

चौकट कुठे ठेवायची याची चर्चा. सगळीकडून काढा, असे म्हणण्याचा मोह होतो, पण काही कृतींना परतीची वाट बांधताच येत नाही. बाहेर पाठवलेला संदेश परत आणता येत नाही. तिथे जीमेलने केले ते योग्य. त्यांची ‘पाठवणे रद्द करा’ ही सोय २००९ मध्ये प्रयोग म्हणून आली आणि २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात संदेश मागे आणला जात नाही, तो ५ ते ३० सेकंद जाऊच दिला जात नाही. आमच्याकडे ‘हटवलेल्या नोंदी कायमच्या पुसा’ ही अशी एकच कृती उरते आणि ती क्वचित वापरली जाते, म्हणजे तिची सवय लागण्याची भीती कमी. तिथे ‘होय’ ऐवजी किती नोंदी पुसायच्या ती संख्या टाइप करायला लावायची. गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर रिपॉझिटरी, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा कोडसाठा, हटवताना तिचे नाव टाइप करावे लागते, त्याच धर्तीवर. बोटाच्या लयीत संख्या टाइप होत नाही, ती पाहावी लागते.

हटवलेल्या नोंदी पुसण्याआधी राखून ठेवण्याची मुदत किती असावी यावर एकमत झाले नाही. साठवणीचा खर्च पाहणाऱ्यांना सात दिवस पुरेसे वाटतात. समजचूक महिनाअखेरीच्या ताळमेळात उघड होत असेल, तर सात दिवस म्हणजे लांबवलेले पाच सेकंदच. गेल्या तक्रारींमध्ये नोंद हटवल्याची तारीख आणि तक्रारीची तारीख यांत किती अंतर होते, ते काढायला प्रोग्रामर सहकाऱ्याला सांगितले आहे. ती तारखांची यादी येईपर्यंत मुदतीचा रकाना मसुद्यात रिकामा ठेवला आहे.